स्वच्छतेचे लोककार्य : सामर्थ्य आणि मर्यादा



ज्या शाळेत मी अक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा प्रसंग यावा, हे मी माझे भाग्य समजतो. गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास, संगीत आणि तत्त्वज्ञान या विषयांवर अधिकारी व्यक्तींची व्याख्याने झाली. त्या मालिकेत मलमूत्राच्या व्यवस्थेसारखा विषय घेऊन उभे राहणे थोडे धाडसाचे आहे. परंतु ज्याची सारी नोकरी नळ आणि गटारे यांच्या नकाशांत गेली, त्या अभियंत्याने दुसऱ्या कोणत्या विषयावर अधिकाराने बोलावे? शिवाय शनिवारच्या सफाईला विद्यार्थ्यांच्या आधी स्वतः खराटा हातात घेणाऱ्या गुरुजींना हा विषय वर्ज्य वाटला नसता, याची मला खात्री आहे.

आपल्या भाषेपासूनच आरंभ करतो. या एका देहधर्मासाठी मराठीत किती आडवळणाचे शब्द आहेत पाहा. कोणी परसाकडे जातो, कोणी बहिर्दिशेस जातो, कोणी झाड्यास जातो. यांतील बहुतेक शब्दांत एक गोष्ट समान आहे. त्यांत केवळ जागा सांगितली आहे. कृती सांगितलेली नाही. ती जागाही घराबाहेरची, दृष्टीआडची. दृष्टीआड गेले की काम संपले, असा आपला समज. त्या जागेचे पुढे काय होते, तेथून विहिरीत काय झिरपते, माशीच्या पायांनी ताटात काय येते आणि ती घाण शेवटी कोणाच्या हातांनी उचलली जाते, हे प्रश्न आपल्या भाषेने आपल्याला विचारूच दिले नाहीत. आजचे माझे व्याख्यान म्हणजे या 'पुढे काय' या प्रश्नाचाच विस्तार आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणीनुसार २०२२ मध्ये जगात सुमारे ४२ कोटी माणसे उघड्यावर शौचास बसत होती, आणि ज्यांच्या मलमूत्राची शेवटपर्यंत सुरक्षित व्यवस्था होत नव्हती अशांची संख्या ३५० कोटींच्या घरात होती. यातील बहुतेक माणसे विकसनशील देशांतली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे दशक पाणी आणि स्वच्छता यांसाठी वाहिले. २०१० मध्ये आमसभेने हा माणसाचा हक्क म्हणून मान्य केला. तरीही ही संख्या उरली. तेव्हा केवळ पैसा कमी पडला, की पैसा खर्च करण्याच्या रीतीतच काही उणीव होती, हे पाहिले पाहिजे.

या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, हे सरकारचे काम. त्याने नळ घालावे, संडास बांधावे, आम्ही वापरू. दुसरे म्हणते, लोकांनी मनावर घेतले तर सरकारची गरज काय? माझे म्हणणे या दोहोंहून निराळे आहे. स्वच्छतेत काही भाग असा आहे की तो लोकांच्या एकत्रित निर्णयावाचून होतच नाही, आणि काही भाग असा आहे की तो लोकांवर टाकणे हा अन्याय आहे. ही सीमारेषा नेमकी कोठे पडते, हे आपल्या आणि शेजारच्या देशांतील काही प्रयोगांवरून दाखवण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

प्रथम आपल्याच गावाची एक गोष्ट सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या काळात पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार होळकर दरबारसाठी इंदूरची पाहणी करीत होते. त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी शहर प्लेगने गांजलेले होते. गेडिस यांच्या चरित्रकारांनी नोंदले आहे की त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीचा एक दिवस आपल्या हाती मागून घेतला आणि दवंडी पिटवली की या वर्षी मिरवणूक ठरीव मार्गाने जाणार नाही. ज्या रस्त्यावरच्या लोकांनी आपली घरेदारे सर्वांत अधिक स्वच्छ केली असतील, त्या रस्त्याने ती जाईल. मग काय विचारता? गल्लोगल्ली चढाओढ लागली. वर्षानुवर्षांचा केरकचरा गाड्या भरभरून बाहेर पडला. मिरवणुकीत राक्षसाच्या जोडीला प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती आणि तिचे दहन झाले. मला यातील सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आणखी एक भाग. त्या मिरवणुकीत शहराचे सफाई कामगार स्वच्छ पांढऱ्या पोशाखात, गळ्यात हार घालून, आपल्या सजवलेल्या गाड्यांसह मानाने चालत होते.

गेडिस यांनी दंड लावला नाही आणि अनुदानही दिले नाही. लोकांच्या मनात ज्या गोष्टीला मान होता, त्या मिरवणुकीशी त्यांनी स्वच्छतेची सांगड घातली. पुढे २०१७ पासून सलग सात वर्षे राष्ट्रीय सर्वेक्षणात या शहराचा पहिला क्रमांक आला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु क्रमांकाच्या आधी मिरवणूक होती, हे विसरू नये. अर्थात एका दिवाळीची सफाई म्हणजे कायमची व्यवस्था नव्हे. उत्साह ओसरला की गटार लागते. म्हणून आता मी आपणांस गटाराकडे, आणि त्यासाठी कराचीला नेतो.

कराचीच्या वायव्येस ओरंगी नावाची प्रचंड वस्ती आहे. फाळणीनंतर आणि पुढे बांगलादेशच्या निर्मितीनंतर आलेले निर्वासित, शिवाय देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून पोटासाठी आलेले मजूर, असे अनेक भाषांचे लोक तेथे वसले. सरकारदरबारी ती अनधिकृत वस्ती; म्हणून तेथे नळ नाही, गटार नाही. गल्लीतून सांडपाणी वाहत असे, आणि घरातील बादलीचा किंवा खड्ड्याचा मैला तेथेच येऊन मिळे. १९८० मध्ये डॉ. अख्तर हमीद खान यांनी तेथे कामास प्रारंभ केला. हा माणूस विलक्षण होता. आग्र्यात १९१४ मध्ये जन्म, आय.सी.एस.ची नोकरी, बंगालच्या दुष्काळानंतर १९४५ मध्ये तिचा राजीनामा, मग काही काळ कुलपे दुरुस्त करण्याचे काम शिकत मजूर म्हणून राहणे. पुढे पूर्व बंगालातील कोमिल्ला येथे ग्रामविकासाची नामांकित संस्था उभारणे. ओरंगीस ते आले तेव्हा वयाची पासष्टी उलटली होती.

त्यांनी आधी काहीच बांधले नाही. ते वस्तीत फिरले आणि लोकांना विचारीत राहिले की तुमची सर्वांत मोठी अडचण कोणती. उत्तर आले, गटार. मग ते होत का नाही, याचा शोध घेतला. त्यांना चार अडथळे दिसले. पहिला मनाचा : घर आपले, गल्ली सरकारची, तेव्हा गटार सरकारने फुकट घालून द्यावे ही समजूत. दुसरा पैशाचा : सरकारी पद्धतीचे गटार या लोकांना परवडणारे नव्हते. तिसरा तंत्राचा : उतार कसा काढावा, काँक्रीट कसे करावे, हे ठाऊक नव्हते. चौथा समाजाचा : गल्लीतले वीस-तीस उंबरे एकत्र येऊन एक काम करतील, अशी संघटनाच नव्हती.

या प्रत्येक अडथळ्यावर निराळा उपाय शोधला गेला. संघटनेसाठी एकक घेतले ते गल्लीचे. संपूर्ण वस्ती एकत्र येणे कठीण. पण गल्लीतली माणसे रोज एकमेकांचे तोंड पाहतात, एकमेकांवर विश्वास टाकू शकतात. गल्लीने आपला एक प्रमुख निवडायचा, त्याने घरोघरची वर्गणी जमवायची आणि काम करून घ्यायचे. संस्थेने त्या पैशाला हातही लावायचा नाही. संस्था देणार ती मोजणी, नकाशा, अंदाजपत्रक, अवजारे, साचे आणि गवंड्यांना शिक्षण. खर्च कमी करण्यासाठी ठेकेदार वगळला. मॅनहोलची खोली कमी केली. प्रत्येक घराच्या जोडणीवर एक लहानशी हौदी बसवली, जीत घट्ट भाग खाली बसतो आणि नळ तुंबत नाही. हे सारे सरकारी नमुन्यात बसणारे नव्हते. परंतु गल्लीच्या गरजेत आणि खिशात बसणारे होते. प्रारंभीच्या काळात घरातला संडास आणि गल्लीच्या गटारातला वाटा मिळून एका कुटुंबास सुमारे एक हजार पाकिस्तानी रुपये पडत. सरकारी दराच्या मानाने हा खर्च कित्येक पटींनी कमी होता. पाहता पाहता एका गल्लीचे पाहून दुसरी, दुसरीचे पाहून तिसरी, अशा हजारो गल्ल्यांनी स्वखर्चाने आपली गटारे घातली.

अभियंता म्हणून मला यातील सर्वांत बोधप्रद भाग पुढचा वाटतो. गल्लीचे गटार झाले. ते गल्लीच्या टोकापर्यंत आले. पुढे काय? ते जवळच्या ओढ्यात सोडले गेले, आणि ओढा समुद्राकडे. म्हणजे गल्ली स्वच्छ झाली आणि ओढा घाण झाला. ओरंगीच्या कार्यकर्त्यांनी हे झाकून ठेवले नाही. उलट त्यावरून एक स्पष्ट सूत्र मांडले. घरातील संडास, गल्लीतले गटार आणि जवळची जोडगटारे हा आतला भाग. तो लोक करू शकतात, त्याचा खर्च उचलू शकतात आणि त्याची देखभालही. मुख्य वाहिनी आणि शुद्धीकरण केंद्र हा बाहेरचा भाग. तो सरकारने केलाच पाहिजे, कारण तो कोणत्याही एका गल्लीच्या आवाक्यातला नाही. लोकांनी आपला वाटा उचलल्यामुळे सरकारला दुसऱ्या वाट्याचा जाब विचारण्याचा नैतिक अधिकार त्यांना मिळाला.

आणि जाब विचारण्यासाठी हाती नकाशा लागतो. वास्तुविशारद परवीन रहमान यांनी ओरंगीतील गल्ल्यांचे, पुढे सर्व कराचीच्या ओढ्यांचे आणि वस्त्यांचे नकाशे तयार करण्याचे काम वर्षानुवर्षे केले. वस्तीतल्या तरुणांना मोजणी शिकवली. जमिनी कोण बळकावतो, पाणी वाटेत कोण चोरतो, हेही त्या नोंदींतून उघड होत गेले. १३ मार्च २०१३ रोजी कामावरून घरी परतताना त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. गटाराचा नकाशा हे निरुपद्रवी कागदपत्र आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी या घटनेचा विचार करावा.

ओरंगीच्या अगदी उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. १९८९ च्या सुमारास ब्रिटिश साहाय्याने इंदूरच्या झोपडवस्त्यांत गटारे, रस्ते आणि पाण्याच्या वाहिन्या घालण्याची योजना सुरू झाली. शहरातल्या नैसर्गिक उतारांचा उपयोग करून वस्त्यांतली गटारे मुख्य वाहिनीशी जोडण्याची तिची कल्पना बुद्धिमान होती. तिला १९९८ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कारही मिळाला. परंतु नंतर ज्यांनी वस्त्यांत फिरून पाहिले, त्या अभ्यासकांना असे आढळले की अनेक कुटुंबांनी घरातून गटाराला जोडणी घेतलेलीच नाही आणि देखभालीचा धनी कोणी नाही. तेथे नळ आधी आला आणि निर्णय मागे राहिला. ओरंगीत निर्णय आधी झाला. कराचीत बाहेरचा भाग अपुरा राहिला, इंदुरात आतला. दोन्ही भाग एकमेकांना भेटले तरच मैला वस्तीबाहेर सुखरूप जातो.

शहरात गटार हा मार्ग आहे. खेड्यात घरे विरळ, पाणी कमी आणि रान मोकळे. तेथे प्रश्नाचे रूपच निराळे. म्हणून आता आपण बांगलादेशात, राजशाही जिल्ह्यातल्या मोसमोइल या गावी जाऊ. तेथे १९९९ च्या अखेरीस एका स्वयंसेवी संस्थेच्या अनुदानित संडास योजनेचे मूल्यमापन करण्यासाठी कमल कर हे भारतीय विकासतज्ज्ञ गेले होते. फुकट मिळालेले संडास बांधले जातात, पण वापरले जातातच असे नाही, हा अनुभव सर्वत्र होता. आपल्याकडेही सरकारी संडासात सरपण, शेणी आणि कडबा ठेवलेला कोणी पाहिला नाही? कर यांनी अनुदान थांबवण्याचा सल्ला दिला आणि एक निराळी पद्धत मांडली. पुढे 'लोकप्रणीत संपूर्ण स्वच्छता' या अर्थाच्या नावाने ती आशिया आणि आफ्रिकेतील पन्नासाहून अधिक देशांत पोहोचली.

ही पद्धत अशी. गावकरी मोकळ्या जागेत जमतात. जमिनीवर रांगोळीसारख्या रंगांनी गावाचा नकाशा काढतात. प्रत्येकाने आपले घर दाखवायचे आणि मग पिवळी भुकटी टाकून आपण शौचास कोठे बसतो ते दाखवायचे. हळूहळू सारा नकाशा पिवळा होतो, पाणवठ्याजवळसुद्धा. मग हिशेब : एका घराची रोजची विष्ठा किती, महिन्याची किती, गावाची वर्षाची किती? टनांत आकडा येतो. ती जाते कोठे? त्यानंतर सर्वांनी मिळून त्या जागेवर फेरी मारायची. शेवटी ग्लासभर पाणी आणले जाते. एक केस विष्ठेला लावून त्या पाण्यात बुडवतात आणि विचारतात, पिणार का? कोणी पीत नाही. मग प्रश्न येतो, माशीला पाय किती? सहा. आणि ती तुमच्या भातावर बसते ना? येथे सभा स्तब्ध होते. या सभेत विष्ठेसाठी सभ्य शब्द मुद्दाम टाळला जातो आणि गावात लहान मूलही वापरते तो रोकडा शब्द उच्चारला जातो. मघाशी मी भाषेच्या आडवळणांचा उल्लेख केला, तो यासाठीच.

बाहेरून आलेला माणूस यानंतर उपदेश करीत नाही. संडास बांधा, असेही म्हणत नाही. निर्णय गावाने घ्यायचा. एक जरी घर उघड्यावर बसले तरी त्याची घाण सर्वांच्या ताटात येते; म्हणून निर्णय एकेकट्याचा असून चालत नाही, तो सर्वांचा लागतो. ही जाणीव हे या पद्धतीचे खरे बळ आहे. ओरिसातही, म्हणजे आजच्या ओडिशात, 'ग्राम विकास' या संस्थेने १९९२ पासून याच तत्त्वावर काम केले; मात्र तिची रीत निराळी होती. गावातले झाडून सारे कुटुंब सामील झाले पाहिजे, ही तिची पहिली अट. प्रत्येक कुटुंबामागे सरासरी एक हजार रुपये गावाच्या ठेवीत जमायचे. सधनाने अधिक, निर्धनाने कमी. प्रत्येक घराचा संडास आणि न्हाणीघर पुरे झाल्याखेरीज गावाच्या टाकीचे पाणी कोणालाच सोडायचे नाही. म्हणजे वरच्या आळीला पाणी हवे असेल तर खालच्या आळीचा संडास पुरा व्हावा म्हणून तिनेच झटायचे, आणि टाकी सर्व जातींना एकच. जातिभेदावर व्याख्याने पुष्कळ झाली. त्या एका नळाने जे साधले ते मला अधिक मोलाचे वाटते.

महाराष्ट्रातही २००० मध्ये संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, आणि गावागावांत चढाओढ लागली. दिवसभर खराट्याने गाव झाडून रात्री कीर्तनात लोकांची मने झाडणाऱ्या त्या महापुरुषाचे नाव तेथे शोभून दिसले.

मात्र एवढ्यावर थांबलो तर मी आपणांस अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. या पद्धतीची शास्त्रीय परीक्षाही झाली आहे. आफ्रिकेतील माली देशात कुलिकोरो प्रांतातल्या १२१ गावांत जो प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत ही पद्धत राबवली तेथे स्वतःचा संडास असलेल्या कुटुंबांचे प्रमाण शेकडा ६५ झाले; इतर गावांत ते ३५ होते. मुलांच्या हगवणीत फरक दिसला नाही, पण त्यांची उंची अधिक वाढली आणि खुरटलेल्या मुलांचे प्रमाण ४१ ऐवजी ३५ टक्के भरले. अनुदानावाचून एवढे होऊ शकते, ही सामान्य गोष्ट नाही.

दुसरा प्रयोग खुद्द राजशाही जिल्ह्यातल्या तानोर भागातला. त्याचेही निष्कर्ष २०१५ चेच. ३८० वस्त्या आणि १८ हजारांहून अधिक कुटुंबे त्यात होती. काही ठिकाणी केवळ लोकजागृती केली. काही ठिकाणी जागृतीबरोबर भूमिहीन गरिबांपैकी बऱ्याच जणांना सवलतीची कुपने दिली. केवळ जागृतीने तेथे संडासांची संख्या वाढली नाही. जेथे गरिबांना मदत मिळाली, तेथे मदत मिळालेल्या कुटुंबांत स्वच्छ संडास असणाऱ्यांचे प्रमाण शंभरात २२ ने वाढले. आणि नवल असे की ज्यांना काहीच मिळाले नव्हते, अशा त्यांच्या शेजाऱ्यांतही ते शंभरात ८ ते ९ ने वाढले. शेजारी बांधतो म्हणून आपणही बांधावे, ही लोकभावना खरी आहे. पण ती जागी व्हायला पहिल्या काही घरांना हात द्यावा लागतो. म्हणून अनुदान म्हणजे विष, असा जो एकांतिक सिद्धांत काही कार्यकर्ते मांडतात तो मला मान्य नाही. अनुदान कोणाला आणि निर्णयाच्या आधी की नंतर, हा खरा प्रश्न आहे.

याहून गंभीर मर्यादा दुसरी आहे. 'सर्वांनी मिळून' या शब्दांत बळ आहे तसा धोकाही आहे. गावाने ठरवले, म्हणजे गावात कोणी ठरवले? ज्याच्याकडे जागा आहे, पैसा आहे, पाणी आहे, त्याला संडास बांधणे सोपे. ज्याच्याकडे झोपडीपुरतीही हक्काची जागा नाही, त्याने खड्डा कोठे खणावा? मग त्याच्यामागे शिट्ट्या वाजवणे, त्याचे छायाचित्र काढणे, त्याचा शिधा अडवणे असे प्रकार होतात. स्वच्छतेच्या मोहिमांत हे प्रकार अनेक राज्यांत घडले आहेत. आपल्या मध्य प्रदेशात, शिवपुरी जिल्ह्यातल्या भावखेडी गावात, २५ सप्टेंबर २०१९ रोजी दोन दलित मुलांना मारून टाकण्यात आले. उघड्यावर शौचास बसल्याच्या कारणावरून त्यांना मारले, अशा बातम्या सर्व वृत्तपत्रांनी दिल्या. कागदोपत्री ते गाव हागणदारीमुक्त होते. त्या मुलांच्या घरी संडास नव्हता. त्यानंतर आठवड्याभरात, २ ऑक्टोबर रोजी, सारा देश हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. मित्रहो, लाज ही मोठी शक्ती आहे. स्वतःची स्वतःला वाटलेली लाज माणसाला वर उचलते. दुसऱ्याने लादलेली लाज माणसाला ठेचते. लोककार्य पहिल्या लाजेवर उभे राहिले पाहिजे.

आता 'पुढे काय' या प्रश्नाचे शेवटचे टोक. खड्डा भरला म्हणजे तो कोण उपसणार? शास्त्राकडे याचे उत्तर आहे. दोन उथळ शोषखड्डे घ्यावे. एक भरला की दुसरा चालू करावा. बंद केलेला खड्डा दीड-दोन वर्षे तसाच ठेवला की आतल्या मैल्याचे निरुपद्रवी खत होते; ते मातीसारखे दिसते आणि त्यास घाण येत नाही. टाकाऊचे खत करण्याचे शास्त्र जगात ज्या गावाच्या नावाने ओळखले जाते ते हेच आपले इंदूर. अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९३१ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेली खताची 'इंदूर पद्धत' ती हीच. असे असूनही आपल्या खेड्यांत माणसे दोन लहान खड्ड्यांऐवजी एकच अवाढव्य टाकी बांधतात किंवा संडास वापरतच नाहीत. का? डीन स्पिअर्स आणि डायन कॉफी यांनी २०१७ च्या आपल्या पुस्तकात याचे जे कारण दाखवले आहे ते आपल्याला ठाऊकच आहे : खड्डा उपसणे हे विशिष्ट जातीचे काम, आपण त्याला हात लावायचा नाही. बांगलादेशात जे लवकर जमले ते येथे अडले त्याचे एक मूळ येथे आहे.

हे मूळ ओळखणारा माणूस आपल्या मराठी मुलखात फार आधी होऊन गेला. अप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मागणी केली की मला भंगीकाम करू द्यावे. सरकारने नकार दिला, तेव्हा त्यांनी अन्नाचा सत्याग्रह आरंभला, आणि येरवड्यातून गांधीजींनीही त्यांच्या मागणीसाठी उपोषण केले. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे सोनखत करणारे साधे, स्वस्त संडास तयार केले. त्यांच्या दृष्टीने संडासाची रचना आणि अस्पृश्यतेचे निवारण हे दोन प्रश्न नव्हतेच. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारे कायदे १९९३ आणि २०१३ मध्ये झाले. तरी गटारात उतरलेला माणूस गुदमरून मेल्याची बातमी अजून वाचावी लागते. ज्या योजनेत खड्डा कोण उपसणार याचे उत्तर नाही, ती योजना मग सरकारची असो की लोकांची, ते ओझे गुपचूप एकाच समाजाच्या खांद्यावर टाकते.

माझ्या म्हणण्याचा निष्कर्ष आता सांगतो. उघड्यावरचे जीवन सोडण्याचा निर्णय, घरातला संडास, गल्लीतले गटार आणि त्यांची निगा हे लोकांचे क्षेत्र. तेथे सरकारने उतावीळपणे घुसू नये, ज्ञान आणि अवजारे द्यावी. मुख्य वाहिनी, शुद्धीकरण, पाणी, भूमिहीनाला जागा आणि निर्धनाला साहाय्य हे शासनाचे क्षेत्र; तेथे लोकसहभागाच्या गोड नावाखाली त्याने अंग काढून घेऊ नये. आणि खड्ड्यातले खत उचलण्याचे काम यंत्राचे किंवा ज्याचा खड्डा त्याचे. जन्माने ठरलेल्या कोणाचेही नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या अभियंते व्हाल, काही अधिकारी, काही शिक्षक. आपल्या गल्लीतले गटार कोठे जाते, हे या आठवड्यात शोधून काढा. कान्ह नदीपर्यंत चालत जा, कागदावर त्याचा नकाशा काढा आणि तो वर्गात लावा. तो नकाशा घेऊन मग नगरसेवकाकडे जाता येईल. आणि तुमच्या शाळेचे स्वच्छतागृह रोज कोण धुते, त्या व्यक्तीचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का, हेही स्वतःला विचारा.